ईव्ह मोन्ताँ : भीतीची मजुरी आणि संकटाचा जयजयकार

चळवळीतील माणसांचा कलावंतांशी असलेला संबंध बहुधा सोयीचा असतो. सभेपूर्वी गर्दी जमविण्यासाठी गायक हवा, निधी उभा करण्यासाठी नट हवा, पत्रकाखालील सह्या वजनदार दिसाव्यात म्हणून दोन-चार प्रख्यात नावे हवीत. कलावंत आपल्या बाजूला उभा आहे तोवर त्याच्या प्रतिभेचे पोवाडे गायचे, आणि त्याने वेगळा सूर लावताच 'विकला गेला' म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली रीत आहे. स्तुती आणि शिवी यांच्या मधल्या जागेत खरा विचार करावयाचा असतो. ती जागा आपण रिकामी ठेवतो. फ्रान्सचा लोकप्रिय गायक व पुढे जगद्विख्यात झालेला चित्रपट-अभिनेता ईव्ह मोन्ताँ याची कारकीर्द या दृष्टीने मुळापासून तपासण्यासारखी आहे. २०२१ साली त्याच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्याच्या आयुष्याने डाव्या चळवळीपुढे जे प्रश्न टाकले ते अद्याप सुटलेले नाहीत.

मोन्ताँचे मूळ नाव ईव्हो लिव्ही. १३ ऑक्टोबर १९२१ रोजी इटलीतील तोस्काना प्रांतात मोन्सुमानो येथे एका गरीब कुटुंबात तो जन्मला. वडील जोव्हान्नी लिव्ही केरसुण्या बनविण्याचा धंदा करीत आणि मताने कम्युनिस्ट होते. मुसोलिनीच्या काळ्या सदरेवाल्यांनी जीवन नकोसे केल्यावर हे कुटुंब फ्रान्समधील मार्सेय बंदरात आश्रयाला आले. तेथील कामगारवस्तीत, स्थलांतरितांच्या गर्दीत मुलगा वाढला. शाळा अकराव्या वर्षी सुटली. शेवया-मॅकरोनीच्या कारखान्यात, बहिणीच्या केशकर्तनालयात, पुढे जहाजबांधणीच्या गोदीत त्याने काम केले. आई त्याला इटालियनमध्ये 'ईव्हो, वर ये' अशी हाक मारी. त्या हाकेतील 'मोन्ता' या शब्दावरून त्याने रंगमंचावरचे नाव घेतले, असे तो सांगत असे. थोरला भाऊ ज्युलियँ अन्न-उद्योगातील कामगारांच्या संघटनेचा पुढारी आणि अखेरपर्यंत निष्ठावान कम्युनिस्ट राहिला. एकाच चुलीभोवती वाढलेल्या या दोन भावांच्या वाटा पुढे कशा फाकल्या, हे विसाव्या शतकातील युरोपीय डाव्या चळवळीच्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे.

वयाच्या सतराव्या वर्षी मोन्ताँ मार्सेयच्या साध्या नाट्यगृहांतून गाऊ लागला. अमेरिकन चित्रपटांचे वेड असलेल्या त्या पोराची पहिली लोकप्रिय गाणी गुराखी-घोडेस्वारांची होती. १९४४ साली तो पॅरिसला आला. तेथे त्या काळातील सर्वश्रेष्ठ गायिका एदित पियाफ हिने त्याला आपल्या कार्यक्रमात घेतले, उसनी गाणी सोडावयास लावली आणि शब्दाचे मोल शिकविले. १९४६ साली तिच्याबरोबर तो पडद्यावर आला, आणि त्याच वर्षी मार्सेल कार्ने या ख्यातनाम दिग्दर्शकाच्या चित्रपटात त्याला प्रमुख भूमिका मिळाली. तो चित्रपट साफ पडला. मात्र कवी झाक प्रेव्हेर आणि संगीतकार जोसेफ कोस्मा यांचे गळलेल्या पानांवरचे जे गीत त्यात होते, ते पुढे मोन्ताँच्या आवाजात जगभर गेले. गायकाने नट होण्याचा पहिला प्रयत्न असा अंगाशी आला आणि काही वर्षे तो पुन्हा मुख्यतः गायकच राहिला.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपावयास हवी. गायक प्रेक्षकांसमोर उभा राहून गातो तेव्हा त्याचे उत्पन्न त्याच्या देहाच्या श्रमाशी बांधलेले असते. दोन तासांचा कार्यक्रम दोन तासांतच होतो; यंत्राने त्याची उत्पादकता वाढविता येत नाही. चित्रपटात तोच श्रम एकदा फितीवर उतरला की हजार पडद्यांवर एकाच वेळी विकला जातो. त्यामुळे नट झालेल्या गायकाची मिळकत अनेक पटींनी वाढते, पण त्याच्या कामावरील मालकी निर्मात्याच्या व वितरकाच्या हाती जाते. मोन्ताँने आपला गळा कधी सोडला नाही. ऑलिंपियासारख्या नाट्यगृहात एकट्याच्या बळावर आठवडेच्या आठवडे कार्यक्रम करू शकत असल्यामुळे निर्मात्यापुढे त्याला वाकावे लागले नाही. राजकीय चित्रपट स्वीकारण्याचे जे धैर्य त्याने पुढे दाखविले, त्यामागे सद्सद्विवेकाइतकाच हा भक्कम आर्थिक आधार होता. पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कलावंताकडून बाणेदारपणाची अपेक्षा करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नट म्हणून त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती आंरी-जॉर्ज क्लुझो याच्या १९५३ च्या चित्रपटाने. 'भीतीची मजुरी' असा त्याच्या नावाचा अर्थ. दक्षिण अमेरिकेतील एका भकास गावात अडकलेले चार बेकार परदेशी नायट्रोग्लिसरीन भरलेले दोन ट्रक खडकाळ रस्त्याने, आग लागलेल्या तेलविहिरीकडे घेऊन निघतात. मोबदला प्रत्येकी दोन हजार डॉलर. एक गचका बसला की सर्व संपले. कामाचे कष्ट व अप्रियता वाढेल तशी मजुरी वाढते, असे ॲडम स्मिथपासून आमच्या विषयात शिकवीत आले आहेत. त्या सूत्रामागे कोणती गृहीते दडलेली असतात ते हा चित्रपट दाखवितो. अमेरिकन तेल-कंपनीचा अधिकारी आपल्या कायम कामगारांऐवजी ही भटकी माणसे निवडतो, कारण त्यांची संघटना नाही आणि मेल्यावर भरपाई मागायला येणारे कुटुंबही नाही. दोन हजार डॉलर ही धोक्याची किंमत दिसते खरी, पण ती निराधारपणाच्या तराजूवर तोललेली आहे. कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांचे सर्वोच्च पारितोषिक त्या वर्षी या चित्रपटास मिळाले. अमेरिकेत दाखविताना मात्र कंपनीवर टीका करणारा भाग कापण्यात आला.

१९५१ च्या डिसेंबरमध्ये मोन्ताँने अभिनेत्री सिमोन सिन्योरे हिच्याशी विवाह केला. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे सहप्रवासी होते. सभासदत्व मात्र मोन्ताँने घेतले नाही. अण्वस्त्रबंदीसाठीच्या १९५० च्या स्टॉकहोम आवाहनावर दोघांच्या सह्या होत्या, आणि त्याची किंमत म्हणून अमेरिकेचे दरवाजे त्यांना अनेक वर्षे बंद राहिले. आर्थर मिलर यांचे सेलेमच्या चेटकिणींच्या खटल्यावरील नाटक त्या दोघांनी १९५४ च्या अखेरीस पॅरिसच्या रंगमंचावर आणले. अमेरिकेतील मॅकार्थीशाहीचा तो सरळ निषेध होता.

मग १९५६ साल उजाडले. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएट रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला, आणि मोन्ताँचा सोव्हिएट युनियनचा दौरा आधीच ठरलेला होता. उजव्यांनी बहिष्काराची धमकी दिली; अनेक डाव्या मित्रांनीही जाऊ नकोस म्हटले. तो गेला. मॉस्कोत ख्रुश्चोव्ह आणि त्यांचे सहकारी त्याचे गाणे ऐकावयास आले आणि नंतर भोजनाला बसले. त्या मेजावर मोन्ताँ आणि सिन्योरे यांनी हंगेरीबद्दल त्यांना तोंडावर प्रश्न विचारले. हा प्रसंग सिन्योरेने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. दौऱ्याला जाणे बरोबर होते की चूक, यावर दोन मते होऊ शकतात. पण सत्ताधाऱ्यांच्या पंक्तीला बसून मान हलवीत राहणारे विचारवंत त्या काळी शेकड्यांनी होते, आणि शाळा अर्धवट सोडलेल्या या गायकाने तेथे प्रश्न विचारला, हे नोंदविलेच पाहिजे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा उरलासुरला धागाही तुटला.

मोन्ताँच्या अभिनयाचे सर्वात मोलाचे पर्व याच सुमारास सुरू झाले. १९६६ साली आलँ रेने याच्या चित्रपटात तो फ्रँकोविरोधी भूमिगत कार्यकर्ता झाला. पटकथा होर्खे सेम्प्रुन यांची होती, आणि ते स्वतः स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षाचे भूमिगत काम करून पुढे पक्षातून काढले गेलेले होते. वर्षानुवर्षे सीमा ओलांडीत राहिलेल्या, 'उद्या सार्वत्रिक संप होणार' हे वाक्य ऐकून थकलेल्या, तरीही काम न सोडणाऱ्या कार्यकर्त्याचे इतके खरे चित्र पडद्यावर क्वचितच आले असेल. चळवळीत केस पिकलेल्या प्रत्येकाने ते पाहावे.

त्यानंतर ग्रीक दिग्दर्शक कोस्ता-गाव्रास याच्याबरोबर तीन चित्रपट आले. पहिला १९६९ चा 'झेड'. ग्रीसमधील शांतताचळवळीचे खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर मे १९६३ मध्ये सालोनिका शहरात प्राणघातक हल्ला झाला, आणि त्यात पोलिसांचे अंग होते. चित्रपट त्या घटनेवर आधारलेला आहे. मोन्ताँ पडद्यावर मोजकी मिनिटे दिसतो, पण त्या मृत माणसाचे सावट शेवटपर्यंत हटत नाही. दुसरा १९७० चा 'कबुली'. चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्र खात्याचे उपमंत्री आर्तुर लंडन यांना १९५१ साली त्यांच्याच पक्षाच्या सरकारने पकडले, झोप व अन्न तोडून खोटी कबुली वदवून घेतली आणि नोव्हेंबर १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात उभे केले. चौदा आरोपींपैकी अकरा फासावर गेले; लंडन जन्मठेपेवर वाचले. या भूमिकेसाठी मोन्ताँने आपले वजन दहा किलोंहून अधिक घटविले. तिसरा १९७२ चा चित्रपट उरुग्वेतील. तेथे पोलिसांना प्रशिक्षण देणारा अमेरिकन अधिकारी डॅन मिट्रिओन याला १९७० साली तुपामारो गनिमांनी पळवून ठार केले. त्याच्यावर बेतलेली भूमिका मोन्ताँने केली. त्याचे चित्रीकरण अलेंदे यांच्या चिलीत झाले, आणि वर्ष-दीड वर्षात, ११ सप्टेंबर १९७३ रोजी, अलेंदे यांचे सरकार लष्कराने उलथून टाकले.

हे तिन्ही चित्रपट एकत्र पाहावयास हवेत. 'झेड'ला टाळ्या देणाऱ्या अनेकांनी 'कबुली' येताच मोन्ताँला शत्रूच्या हातचे बाहुले ठरविले. पक्षनिष्ठ भावाशीही त्याचा या चित्रपटावरून बेबनाव झाला. ज्यांनी 'कबुली'वर टाळ्या दिल्या त्यांतील पुष्कळांना उरुग्वेचा चित्रपट रुचला नाही. पोलिसी छळ हा अथेन्समध्ये वाईट आणि प्रागमध्ये ऐतिहासिक गरज, किंवा प्रागमध्ये वाईट आणि मोंतेव्हिदेओत स्वातंत्र्याचे रक्षण, अशी दुहेरी वजने वापरण्याची सवय दोन्ही छावण्यांना लागली होती. मोन्ताँने एकच वजन वापरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये चिलीच्या निर्वासितांसाठी त्याने ऑलिंपियात एका रात्रीचा कार्यक्रम केला. सप्टेंबर १९७५ मध्ये तत्त्वज्ञ मिशेल फुको व इतरांसह तो माद्रिदला गेला, फ्रँको सरकारने ठोठावलेल्या फाशीच्या शिक्षांविरुद्धचे निवेदन पत्रकारांसमोर वाचले आणि पोलिसांच्या पहाऱ्यात देशाबाहेर घालविला गेला. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडात लष्करी कायदा पुकारला गेल्यावर तेथील कामगारांच्या बाजूचे आवाहनही त्यानेच नभोवाणीवर वाचले. लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांनी या काळातील मोन्ताँला निःशंकपणे आपला म्हणावे.

अडचण येते ती पुढच्या टप्प्यात. मे १९८१ मध्ये फ्रान्स्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले. किमान वेतन वाढले, पगारी रजेचा पाचवा आठवडा मिळाला, बँका व मोठे उद्योगसमूह सार्वजनिक मालकीत आले. पण बाहेरील जगात मंदी होती. लोकांच्या हाती आलेली वाढीव क्रयशक्ती आयात मालाकडे वळली, व्यापारातील तूट फुगली, आणि ऑक्टोबर १९८१, जून १९८२ व मार्च १९८३ असे तीनदा फ्रँकचे अवमूल्यन करावे लागले. मार्च १९८३ मध्ये सरकारने काटकसरीचा मार्ग धरला. या पार्श्वभूमीवर २२ फेब्रुवारी १९८४ रोजी सरकारी दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला. त्याचे नाव होते 'संकटाचा जयजयकार', आणि निवेदक होता ईव्ह मोन्ताँ. आरंभी सामाजिक सुरक्षेत मोठी कपात झाल्याची बनावट बातमी देण्यात आली. प्रेक्षक हादरल्यावर मोन्ताँने ती खोटी असल्याचे सांगितले, आणि मग उपदेश सुरू झाला. शासनाकडे पाहणे सोडा, हक्कांची भाषा पुरे झाली, संकट ही संधी समजा, ज्याने त्याने आपली वाट काढावी, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात लोरेन प्रांतातील पोलादकामगारांच्या नोकऱ्यांवर कुऱ्हाड घालणारी योजना जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये ते कामगार पॅरिसवर चालून आले.

त्या रात्री जे सांगितले गेले त्यातील खरे काय आणि खोटे काय, हे वेगळे करणे आवश्यक आहे. परकीय चलनाची मर्यादा खरी होती. एकट्या देशाने भोवतालच्या मंदीत मागणी वाढविली तर तिचा लाभ शेजाऱ्याच्या कारखान्यांना होतो, हे समाजवादी अर्थमंत्र्यालाही टाळता येत नाही. त्यामुळे मोन्ताँवर तोंडसुख घेणाऱ्या समाजवाद्यांनी आधी आपल्या सरकारचा मार्च १९८३ चा निर्णय आठवावा. गायकाने घोषणा दिली, धोरण त्यापूर्वीच बदललेले होते. खोटे होते ते पुढचे. चलनाचा तुटवडा आहे, एवढ्यावरून त्याचा भार बेकाराने आणि पोलादकामगारानेच उचलावा असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. भार कोणी उचलावा हा राजकीय निर्णय आहे. तो निसर्गनियमासारखा मांडला की विरोध करणारा मूर्ख ठरतो, आणि ही मांडणी कामगारवस्तीतून आलेल्या लाडक्या गायकाच्या तोंडून झाली की ती अधिकच खरी वाटते. सही मागण्यासाठी आपण ज्या प्रसिद्धीचा वापर करीत आलो, त्याच प्रसिद्धीचा वापर येथे दुसऱ्यांनी केला.

मोन्ताँ येथवर कसा आला? पैशाने, हे सोपे उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे. तरुणपणी ज्या पक्षाला त्याने कामगारवर्गाचा आवाज मानले त्याने त्याच्याशी वर्षानुवर्षे खोटे बोलले होते. फसविला गेलेला माणूस पुष्कळदा फसविणाऱ्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द खोटा मानू लागतो. पक्षाने कामगारांच्या नावाने खोटे सांगितले, म्हणून कामगारांची मागणीच खोटी, अशी उडी त्याच्या मनाने घेतली. ज्युलियँने उलट्या दिशेची उडी घेतली होती : कामगारांची मागणी खरी, म्हणून पक्षाचे सांगणेही खरे. दोघेही दोन निराळ्या गोष्टी एक समजले. त्या वेगळ्या ठेवणारा तिसरा रस्ता फ्रान्समध्ये पुरेसा रुंद असता तर कदाचित मोन्ताँ त्यावरून चालला असता. तो रुंद करणे ही आपल्यासारख्यांची जबाबदारी होती आणि आहे.

गंमत अशी की मोन्ताँच्या 'संकटा'ला उत्तर मोन्ताँनेच दिले, तेही अवघ्या दोन वर्षांत. १९८६ साली मार्सेल पान्योल यांच्या कथेवरील क्लोद बेरी याच्या दोन चित्रपटांत त्याने प्रोव्हाँसमधील म्हाताऱ्या, धूर्त जमीनदाराची भूमिका केली. शेजारची जमीन स्वस्तात मिळावी म्हणून तो आणि त्याचा पुतण्या तेथील झरा सिमेंटने बुजवितात. शहरातून आलेला नवा वारस मैलोगणती लांबून पाणी वाहतो, आकाशाकडे पाहतो, अखेर मरतो. मग जमीन विकत घेऊन झरा मोकळा केला जातो. झरा कोठे आहे हे गावाला ठाऊक असते, पण गाव गप्प राहते. टंचाई कशी निर्माण केली जाते, तिला दैव म्हणून कसे खपविले जाते आणि शेजाऱ्यांच्या मौनावर ती कशी टिकते, याचा इतका स्वच्छ पाठ मी अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत वाचलेला नाही. हा म्हातारा मोन्ताँने अशा ताकदीने उभा केला की त्याच्या साऱ्या अभिनयात तो शिखर ठरावा. निवेदक म्हणून त्याने जे झाकले ते नट म्हणून उघडे केले.

९ नोव्हेंबर १९९१ रोजी, एका चित्रपटाचे काम चालू असतानाच, हृदयविकाराने मोन्ताँचे निधन झाले. १९८५ मध्ये गेलेल्या सिन्योरेशेजारी पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत त्याला पुरले. पॅरिस कम्यूनचे अखेरचे लढवय्ये जिच्या भिंतीशी गोळ्या घालून मारले गेले, तीच ही दफनभूमी.

कार्यकर्त्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? कलावंताला व्यासपीठावर बोलवावे, पण आपली बाजू खरी असल्याचा पुरावा म्हणून त्याला मिरवू नये. कारण तो उद्या पलीकडे गेला तर पुरावाही पलीकडे जातो. तो टीका करील तेव्हा तिचे उत्तर तर्काने द्यावे. हंगेरीबद्दल त्याने विचारलेल्या प्रश्नाला १९५६ साली प्रामाणिक उत्तर मिळाले असते, तर १९८४ सालची ती रात्र आली नसती असे खात्रीने म्हणता येणार नाही; पण त्या रात्री त्याच्याशी वाद घालण्याचा नैतिक अधिकार डाव्यांकडे शिल्लक राहिला असता. आणि टंचाईचा, संकटाचा, त्यागाचा उपदेश कोणीही करो, मग तो मंत्री असो, तज्ज्ञ असो की आवडता गायक असो, आपण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला पाहिजे : झरा आटला आहे, की कोणी बुजविला आहे? गावाने गप्प बसायचे नाही, एवढे काम तरी आपल्याकडे उरतेच.